अँकी : उजळणीचे वेळापत्रक सांभाळणारे ॲप आणि त्यातून खरे काम करून घेण्याची रीत

दहावी-बारावीच्या मुलांना शिकवताना आणि एमपीएससीच्या परीक्षार्थींना अभ्यासाचे नियोजन आखून देताना एक तक्रार सतत कानावर येते : वाचले होते, समजलेही होते, पण पेपर हातात आल्यावर आठवले नाही. या तक्रारीवर उपाय म्हणून जी साधने मी विद्यार्थ्यांना वापरायला सांगितली, त्यांत अँकी हे ॲप मला सर्वांत उपयुक्त वाटते. माझे मत आधीच सांगते. अँकी हे उजळणीचे उत्तम साधन आहे, शिकण्याचे नव्हे. जो विद्यार्थी धडा समजून घेतो, त्यावर स्वतःच्या शब्दांत प्रश्न तयार करतो आणि रोज थोडा वेळ काढून त्यांची उत्तरे देतो, त्याच्यासाठी याच्या तोडीचे दुसरे साधन मला माहीत नाही. दुसऱ्याने केलेला प्रश्नोत्तरांच्या कार्डांचा तयार संच उतरवून घेऊन नुसती कार्डे पुढे सरकवत राहणाऱ्याच्या हाती मात्र फारसे काही लागत नाही.

अँकी 2006 मध्ये डेमियन एल्म्स यांनी प्रथम प्रसिद्ध केले. संगणकावर ते पूर्णपणे मोफत आहे. अँड्रॉइड फोनसाठी अँकीड्रॉइड नावाची आवृत्ती आहे, ती स्वयंसेवकांनी तयार केलेली असून तीही मोफत आहे. आयफोनवरील ॲप मात्र विकत घ्यावे लागते आणि त्याची किंमत 25 डॉलरच्या आसपास आहे. अँकीवेब या संकेतस्थळावर खाते उघडले की संगणकावरची आणि फोनवरची कार्डे एकमेकांशी जुळवून घेता येतात, त्यामुळे घरी संगणकावर कार्डे तयार करून ती बसमध्ये फोनवर सोडवता येतात. देवनागरी लिपी यात व्यवस्थित चालते, गणिताची सूत्रे आणि आकृत्याही घालता येतात. नावात साधर्म्य असलेली काही वेगळी ॲपही फोनवरच्या ॲपच्या दुकानात दिसतात, त्यामुळे उतरवून घेण्यापूर्वी नाव नीट पाहावे.

वापर सोपा आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न असतो, दुसऱ्या बाजूला उत्तर. प्रश्न समोर आला की विद्यार्थ्याने उत्तर मनात आठवायचे किंवा कागदावर लिहायचे, मग कार्ड उलटून पडताळायचे आणि आपल्याला कितपत आठवले ते चारपैकी एक बटण दाबून सांगायचे. त्या उत्तरावरून ते कार्ड पुन्हा केव्हा दाखवायचे हे ॲप ठरवते. जे सहज आठवले ते काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी येते. जे विसरले ते काही मिनिटांतच परत येते.

एवढ्या साध्या रचनेत एवढी ताकद का असावी, हे पालकांनी आणि शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेळात विसरले जातात याची मोजणी केली आणि आपले निष्कर्ष 1885 मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण सुरुवातीच्या काही तासांत झपाट्याने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो, हे त्याने दाखवले. ठरावीक अंतराने केलेली उजळणी ही घसरण दर वेळी थोडी आणखी सावकाश करते. दुसरा धागा आठवण्याच्या कृतीचा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला होता. एका गटाने तो चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हापुन्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आपल्याला हे पुढेही लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता, ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब मला वाटते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक चाळताना सगळे येत असल्याचा जो भास होतो, त्याचे कारण नेमके हेच आहे : ओळखीचे वाटणे वेगळे आणि न पाहता सांगता येणे वेगळे.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांत उपयुक्त म्हणून दोनच पद्धती पुढे आल्या : स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे. आपल्याकडे मुले सर्वाधिक वेळ ज्यांना देतात ते पुनर्वाचन आणि रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करणे या दोन्ही गोष्टी त्या आढाव्यात सर्वांत खालच्या गटात होत्या. अँकी ज्या दोन तत्त्वांवर उभे आहे ती अगदी वरची आहेत. खरे तर ही समज आपल्याला परकी नाही. दिवेलागणीला परवचा म्हणण्याची जी पद्धत मराठी घरांत होती, तिच्यात पाढे, पावकी, निमकी, दीडकी रोज पुस्तक न पाहता म्हणून घेतली जात, आणि ती म्हणून घेणारे आजोबा किंवा आजी कुठे अडले ते बरोबर हेरून तेवढेच पुन्हा म्हणायला लावत.

कोणते कार्ड केव्हा दाखवायचे याचे गणित पूर्वी पोलंडमधील पिओत्र वोझ्नियाक यांनी 1987 च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीवर आधारलेले होते. 2023 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून एफएसआरएस नावाची नवी पद्धत ॲपमध्येच उपलब्ध झाली आहे. ती विद्यार्थ्याच्या आधीच्या उत्तरांवरून प्रत्येक कार्ड विसरण्याची शक्यता मोजते. सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी, एवढेच मी सुचवते. तिच्यात अपेक्षित स्मरणाचे प्रमाण मुळात 90 टक्के ठेवलेले असते आणि ते तसेच राहू द्यावे. काही हुशार मुले ते 97 किंवा 98 टक्क्यांवर नेतात. त्यामुळे रोजच्या कार्डांची संख्या प्रचंड वाढते आणि त्या कष्टाच्या मानाने मिळणारा लाभ अल्प असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे कार्ड लिहिण्याकडे वळते, कारण अँकीचे यश किंवा अपयश येथेच ठरते. विद्यार्थी पहिल्या उत्साहात जे कार्ड लिहितात ते बहुधा असे असते : “73व्या घटनादुरुस्तीची माहिती सांगा”, आणि मागच्या बाजूला पुस्तकातला अख्खा परिच्छेद. असे कार्ड समोर आले की निम्मे आठवते, निम्मे आठवत नाही, कोणते बटण दाबावे ते कळत नाही, आणि काही दिवसांनी ते दिसताच नकोसे वाटू लागते. त्याच परिच्छेदाची सहा-सात छोटी कार्डे करावीत. पंचायत राज संस्थांना घटनात्मक दर्जा कोणत्या घटनादुरुस्तीने मिळाला? ती अमलात केव्हा आली? उत्तर, 24 एप्रिल 1993. तिने राज्यघटनेत कोणती अनुसूची जोडली? अकरावी. त्या अनुसूचीत किती विषय आहेत? 29. महिलांसाठी किमान किती जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे? एक तृतीयांश. महाराष्ट्राने हे प्रमाण 50 टक्क्यांपर्यंत केव्हा वाढवले? 2011 मध्ये. आणि यांच्या जोडीला एक कारण विचारणारे कार्ड हवेच : या दुरुस्तीपूर्वी महाराष्ट्रात 1961 च्या अधिनियमानुसार जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या चालू होत्याच, मग घटनात्मक दर्जाने नेमका कोणता फरक पडला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला दोन वाक्यांत देता येते, त्याला आधीच्या साऱ्या आकड्यांना आधार मिळतो.

दहावीच्या विज्ञानातही हेच लागू पडते. “गुरुत्वाकर्षण” असे कार्ड निरुपयोगी आहे. “पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मुक्तिवेग किती?” हे चांगले कार्ड आहे आणि त्याचे उत्तर 11.2 किलोमीटर प्रति सेकंद. त्याहून चांगले कार्ड असे : “मुक्तिवेग वर फेकलेल्या वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून का नसतो?” याचे उत्तर देण्यासाठी मुलाला कागद घेऊन गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जेचे समीकरण मांडावे लागते आणि वस्तूचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कसे कटते ते दिसते. आकृत्यांसाठी ॲपमध्ये एक फार उपयोगी सोय आहे. डोळ्याची किंवा हृदयाची नावे दिलेली आकृती घालायची आणि एकेका नावावर पट्टी झाकायची. प्रत्येक पट्टीचे एक स्वतंत्र कार्ड होते. भूगोलात नकाशावरील नद्या, बंदरे आणि राज्ये ओळखण्यासाठीही हीच सोय वापरता येते, आणि नकाशाचे गुण ज्यांचे नेहमी जातात त्यांनी ती अवश्य वापरून पाहावी.

वाक्यातील एखादा शब्द गाळून रिकामी जागा ठेवण्याचाही प्रकार आहे. “सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 रोजी पुणे येथे झाली” या एका वाक्यातून तारखेसाठी एक आणि स्थळासाठी एक अशी दोन कार्डे होतात. हे झटपट होते, पण जपून वापरावे. पाठ्यपुस्तकातील वाक्य जसेच्या तसे उचलून शब्द गाळला तर मूल त्या वाक्याच्या आकारावरूनच उत्तर ओळखू लागते, आणि परीक्षेत प्रश्न वेगळ्या शब्दांत आला की गडबडते. म्हणून वाक्य आपले असावे.

तयार संचांविषयी मी इतकी कठोर का आहे, हे यावरून कळेल. परीक्षेच्या दृष्टीने कोणती गोष्ट महत्त्वाची, कोणत्या दोन गोष्टींत आपला गोंधळ होतो, कोणता भाग आपल्याला आधीच येतो, हा निवाडा कार्ड लिहिताना करावा लागतो आणि तो करणे हाच अभ्यास असतो. दुसऱ्याने लिहिलेल्या कार्डांत त्याचा निवाडा असतो, आपला नसतो. शिवाय पंचायत राजची तरतूद ज्याने कधी वाचलेलीच नाही, त्याला तिच्यावरचे तुटक प्रश्न पाठ करावे लागतात, आणि तशा घोकंपट्टीचे आयुष्य फार थोडे असते. इंग्रजी शब्दसंग्रह, मूलद्रव्यांच्या संज्ञा, देश आणि राजधान्या यांसारख्या गोष्टींना संदर्भाची फारशी गरज नसते, तेवढ्यापुरता तयार संच घ्यायला माझी हरकत नाही.

चार बटणांविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण येथे बहुतेक जण घसरतात. अगेन, हार्ड, गुड आणि इझी अशी ती बटणे आहेत. हार्ड म्हणजे उत्तर आले, पण कष्टाने आले. उत्तर आलेच नसेल तर अगेन हेच बटण दाबायला हवे. विद्यार्थ्याला आपण चुकलो असे नोंदवायला संकोच वाटतो, म्हणून तो हार्ड दाबतो. ॲप ते उत्तर बरोबर धरते आणि न येणारे कार्ड लांबणीवर टाकते. त्याचप्रमाणे उत्तर उलटून पाहिल्यावर “हो, हे मला माहीत होतेच” असे म्हणून गुड दाबणे ही स्वतःची फसवणूक आहे. त्यावर मला सापडलेला सर्वांत चांगला इलाज म्हणजे वही आणि पेन. उत्तर आधी लिहायचे, मग कार्ड उलटायचे. वही हाताशी नसेल तर अँकीड्रॉइडमध्ये प्रश्नाच्या पडद्यावरच बोटाने लिहिण्याची सोय आहे, रासायनिक सूत्रे आणि छोट्या आकृत्यांसाठी ती पुरेशी आहे.

जे कार्ड वारंवार चुकते त्याच्यावर ॲप खूण करते. मुळातली मर्यादा आठ चुकांची आहे. ही खूण दिसली की त्याच कार्डावर आणखी डोकेफोड करू नये. पुस्तक उघडून तो भाग पुन्हा समजून घ्यावा, कार्ड मोडून दोन करावीत, किंवा ज्या गोष्टीशी गोंधळ होतो तिच्याशी तुलना करणारे नवे कार्ड लिहावे. राज्यघटनेतील जवळपासच्या कलमांच्या बाबतीत हे सतत घडते, आणि दोन्ही कलमे एकाच प्रश्नात समोरासमोर ठेवल्याने ते बऱ्यापैकी सुटते.

या ॲपच्या उणिवाही गंभीर आहेत. त्याचे रूप रुक्ष आहे आणि सेटिंगची पाने नवख्याला घाबरवणारी आहेत. मराठी माध्यमातील मुलाला पहिल्या दिवशी कोणीतरी शेजारी बसून ते दाखवावे लागते. दुसरी अडचण साचलेल्या कार्डांची. ॲपमध्ये रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा सुरुवातीला 20 असते. हा आकडा लहान दिसतो, पण प्रत्येक नवे कार्ड पुढे अनेकदा परत येते, आणि काही आठवड्यांत रोजच्या उजळणीचा आकडा नव्या कार्डांच्या कित्येक पट होतो. लग्नकार्यात किंवा आजारपणात आठवडाभर खंड पडला की शेकडो कार्डे वाट पाहत असतात, आणि तो आकडा पाहूनच अनेकांनी ॲप कायमचे बंद केलेले मी पाहिले आहे. शाळा-कॉलेज सांभाळून अभ्यास करणाऱ्याने नव्या कार्डांची मर्यादा दहावर ठेवावी. खंड पडलाच तर साचलेली कार्डे संपेपर्यंत नवी कार्डे शून्य करावीत आणि रोज ठरावीक वेळ देऊन, घाई न करता थकबाकी उतरवावी. सारी कार्डे एकाच दिवशी संपवण्याचा अट्टहास धरू नये.

याहून मोठी मर्यादा अशी की उत्तर लिहिण्याचे कौशल्य अँकी देत नाही. बोर्डाच्या भाषेच्या पेपरात 80 गुणांसाठी तीन तास सलग लिहायचे असते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे तेथे नुसती माहिती आठवून भागत नाही. मुद्दे निवडावे लागतात, क्रम लावावा लागतो, शब्दमर्यादेत बसवावे लागतात. गणिताचेही तसेच आहे. सूत्र कार्डावर चालते, पण कोणत्या उदाहरणाला कोणते सूत्र लावायचे हे उदाहरणे सोडवूनच येते. म्हणून मी विद्यार्थ्यांना दिवसातील थोडाच वेळ अँकीसाठी ठेवायला सांगते आणि उरलेला वेळ वाचन, उदाहरणे आणि घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे यांना देते. या दोन्हींचा उत्तम सांधा जुळतो तो असा : जुनी प्रश्नपत्रिका सोडवली की ज्या प्रश्नात चूक झाली त्यावर त्याच संध्याकाळी एक कार्ड लिहायचे. चूक माहिती नसल्यामुळे झाली की प्रश्न नीट न वाचल्यामुळे, हेही त्यात नोंदवायचे. राज्यसेवा पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे आपण कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत खात्रीने चुकतो हे ठाऊक असणे तेथे फार मोलाचे ठरते. चुकांतून तयार झालेला असा संच बाजारातील कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचापेक्षा त्या विद्यार्थ्यासाठी अधिक अचूक असतो.

परीक्षेची तारीख ठरलेली असेल तर एक बदल अवश्य करावा. दोन उजळण्यांमधील कमाल अंतर ॲपमध्ये मुळात 36,500 दिवस, म्हणजे शंभर वर्षे आहे. भाषा शिकणाऱ्याला ते ठीक आहे, पण फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर देणाऱ्याचे डिसेंबरातले कार्ड एप्रिलमध्ये येऊन काय उपयोग? ते अंतर परीक्षेपर्यंतच्या दिवसांचा विचार करून महिन्याभराच्या आसपास आणावे. सुरुवात मात्र किमान तीन-चार महिने आधी हवी. परीक्षेला आठ दिवस उरले असताना हे ॲप नव्याने सुरू करू नये. तेव्हा अंतराने उजळणी करायला अंतरच उरलेले नसते, आणि कार्डे लिहिण्यात जाणारा वेळ जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याला दिलेला बरा. विषयांचे वेगवेगळे संच केले तरी ते एका मोठ्या संचाखाली ठेवून एकत्र सोडवावेत. इतिहासानंतर रसायनशास्त्र, त्यानंतर व्याकरण असे प्रश्न मिसळून आले की उत्तर धड्याच्या ओघात मिळत नाही, ते शोधावेच लागते.

ज्या घरांत दहावीच्या मुलाच्या हाती फोन देणे योग्य वाटत नाही, त्यांची काळजी मी रास्त मानते. कार्डे सोडवायला उघडलेला फोन पाच मिनिटांत दुसरीकडे वळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने 1972 मध्ये सांगितलेली खोक्याची पद्धत आहे. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याने पाच कप्पे करावेत आणि पोस्टकार्डाएवढे कागद कापून त्यांवर प्रश्न-उत्तरे लिहावीत. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की थेट पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, पुढचे त्याहून सावकाश पाहावेत. अँकीइतकी अचूकता त्यात नाही आणि हजारभर कार्डे सांभाळणे कठीण जाते, पण दहावीच्या एका-दोन अवघड विषयांसाठी ती पुरेशी आहे.

राज्यसेवेच्या परीक्षार्थींना मात्र मी कागदापेक्षा ॲपच घ्यायला सांगते, कारण त्यांचा अभ्यासक्रम अफाट आणि तयारी अनेक वर्षांची असते. पूर्व परीक्षा झाली म्हणून संच पुसून टाकू नये. नवी कार्डे थांबवावीत, चालू घडामोडींची कालबाह्य झालेली कार्डे काढून टाकावीत आणि राज्यघटना, इतिहास, भूगोल यांची रोजची उजळणी तेवढी सुरू ठेवावी. वर्षभरानंतर यांतील बरीच कार्डे महिन्यांच्या अंतराने येऊ लागतात, त्यामुळे ही उजळणी सकाळच्या चहाबरोबर उरकता येते आणि मुख्य परीक्षेच्या लेखनासाठी दिवस मोकळा राहतो.